सगळ्यात मोठा ग्रह कोणता? फलकावर नेमकं काय लिहावं (सूर्यमाला आणि तिच्या बाहेर)

शाळू_मालदांडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सूर्यमालेची प्रमाणात मांडणी करायची आहे. शाळेच्या फाटकापासून शिवरस्त्याने दीड किलोमीटर सरळ जागा मिळते. पृथ्वी म्हणून ज्वारीचा एक दाणा धरायचा आणि बाकी सगळं त्या हिशोबात बसवायचं, असा विचार आहे. दोन अडचणी आहेत.

१. मापं काय ठेवावीत?

२. "सगळ्यात मोठा ग्रह गुरू" एवढं लिहून थांबावं की सूर्यमालेबाहेरचेही दाखवावेत? इंटरनेटवरच्या दहा याद्यांत पहिल्या नंबरावर दहा वेगळी नावं आहेत. पोरांनी विचारलं तर उत्तर पक्कं हवं.

पूर्णाकाठ

मापांचं मी सांगतो. टपोरा शाळू ४ मिमी भरतो, म्हणजे १ मिमी = ३,१८५ किमी. त्यावरून विषुववृत्तीय व्यास असे येतात:

सूर्य ४३७ मिमी (सव्वासतरा इंची परात)
गुरू ४५ मिमी
शनी ३८ मिमी
युरेनस १६ मिमी (खेळायची काचेची गोटी बरोबर १६ ची मिळते)
नेपच्यून १५.५ मिमी

परातीपासून अंतरं: पृथ्वी ४७ मीटर, गुरू २४४, शनी ४५०, युरेनस ९००, नेपच्यून १,४१२. तुमच्या दीड किलोमीटरात नेपच्यून जेमतेम मावतो. रस्ता कमी पडला तर सगळी मापं एकाच पटीत कमी करा. बहुतेक प्रदर्शनांत व्यासाला एक प्रमाण आणि अंतराला दुसरं वापरतात आणि फलकावर तसं लिहीत नाहीत, मग सगळी मांडणीच खोटी पडते.

शनीची कडी जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापा. बाहेरचा व्यास ८६ मिमी, आतला ४७. मध्ये ७४ ते ७६.५ मिमी व्यासाच्या दरम्यान काळा पट्टा रंगवा, ती कॅसिनीची फट. कड्यांची जाडी मात्र प्रमाणात दाखवता येणार नाही. खरी कडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर जाड आहेत आणि तुमच्या प्रमाणात ०.१ मिमीचा कागदसुद्धा ३१८ किमी जाड होतो. हे फलकावर लिहा, पोरांना तेच जास्त आवडेल.

शेजारचा तारा प्रॉक्सिमा याच प्रमाणात साधारण १२,६०० किमीवर येईल. दाणा ठेवायचा शाळेत आणि पुढचा तारा पृथ्वीच्या व्यासाएवढा लांब.

मूळ_नक्षत्र

रंगाबद्दल एक. नेपच्यून गडद निळा आणि युरेनस फिकट, असं रंगवू नका. १९८९ च्या व्हॉयेजर-२ यानाच्या नेपच्यूनच्या चित्रांत ढग उठून दिसावेत म्हणून रंग गडद केले होते, तेच पुस्तकांत कायम राहिलं. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी पुन्हा मोजून दाखवलं की दोघेही जवळजवळ सारखेच फिकट हिरवट-निळे आहेत, नेपच्यून किंचितच जास्त निळा. दोन सारख्या गोट्या घ्या, काम झालं.

बालाघाटी

आता मूळ प्रश्न. "मोठा" हा शब्द एक, अर्थ दोन. घेर आणि वजन. शास्त्राच्या भाषेत व्यास आणि वस्तुमान. आपल्याकडे बाजारात जसं "मोठं कलिंगड" म्हटलं की आकारही आला आणि वजनही, तसं ग्रहांत होत नाही.

आपल्याच सूर्यमालेत पुरावा आहे. युरेनस व्यासाने नेपच्यूनपेक्षा मोठा (५१,११८ किमी विरुद्ध ४९,५२८), पण वस्तुमानाने लहान: युरेनस १४.५ पृथ्व्या, नेपच्यून १७.१. म्हणजे तिसरा मोठा ग्रह कोणता, या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

आता शनी ते गुरू बघा. शनी ९५ पृथ्व्यांचा, गुरू ३१८ चा. वस्तुमान ३.३ पट वाढलं, व्यास फक्त १.१९ पट. साधा मातीचा गोळा असता तर ३.३ पट मातीने व्यास दीडपट झाला असता. हायड्रोजन-हीलियमच्या ग्रहावर माल जितका जास्त टाकाल तितका आतला माल दबतो. गुरूच्या पोटात हायड्रोजन एवढा दाबला गेलाय की तो धातूसारखा वीज वाहून नेतो. आणखी माल टाकत गेलात तर व्यास थोडा वाढतो, मग थांबतो, आणि पुढे उलट थोडा कमी व्हायला लागतो. त्यामुळे थंड, वयस्कर वायुग्रह कितीही जड झाला तरी गुरूच्याच मापाच्या आसपास राहतो.

टोकाचं उदाहरण ट्रॅपिस्ट-१. तो तारा आहे, हायड्रोजन जाळतो. वस्तुमान गुरूच्या साधारण ९४ पट. आणि व्यास गुरूच्या फक्त १.१६ पट! तुमच्या मांडणीत तो तारा ५२ मिमीचा, मोसंबीहून लहान. ईबीएलएम जे०५५५-५७एबी हा तर गुरूच्या ८५ पट जड असूनही व्यासाने शनीएवढाच.

म्हणून "गुरू म्हणजे पेटायचा राहिलेला तारा" हे फलकावर नको. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) जळायला गुरूच्या साधारण १३ पट वस्तुमान लागतं, साधा हायड्रोजन जळायला ७५ ते ८० पट. गुरू त्याच्या जवळपासही नाही.

शाळू_मालदांडी

मग "गुरूच्या दुप्पट मोठा ग्रह" अशा बातम्या येतात त्या खोट्या?

बालाघाटी

खोट्या नाहीत. वर मी "थंड, वयस्कर" म्हटलंय तिकडे लक्ष द्या. दोन प्रकारचे ग्रह फुगलेले सापडतात.

पहिला प्रकार, ताऱ्याला चिकटून फिरणारे. हॅट-पी-६७ बी घ्या. व्यास गुरूच्या दुपटीच्या थोडा वर, वस्तुमान गुरूच्या अर्ध्याहून कमी. वास्प-१७ बी त्याच पठडीतला, व्यास दुपटीच्या जवळ, वस्तुमान अर्धं. ताऱ्याची आच सतत लागत असल्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ग्रह आक्रसत नाही. नेमकी किती उष्णता कोणत्या वाटेने पोटापर्यंत पोचते यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

दुसरा प्रकार, नुकते जन्मलेले. काही लाख ते काही कोटी वर्षांचे. हे जन्माच्या उष्णतेनेच फुगलेले असतात आणि पुढे निवत निवत लहान होतील.

याद्यांत पहिल्या नंबरावर येणारा एचडी १००५४६ बी, "गुरूच्या ६.९ पट", तो फलकावर अजिबात घेऊ नका. तो आकडा ग्रहाचा नाही. ग्रहाभोवती जमलेल्या धूळ-वायूच्या ढगासकट जी चमक दिसली तिचा आहे. याद्या करणारे आकडा उचलतात, तळटीप उचलत नाहीत.

मूळ_नक्षत्र

+१. वस्तुमानाच्या याद्यांतही हीच गंमत. १३ गुरूंच्या वरचा असेल तर तो ग्रह की तपकिरी खुजा (ग्रह आणि तारा यांच्या मधली वस्तू), यावर यादी करणाऱ्याची मर्जी. काही यादीकार ३० गुरूंपर्यंत सगळ्यांना ग्रह म्हणतात. म्हणून "सगळ्यात जड ग्रह" असं एक नाव देऊच नये. सीमारेषेवरचा एखादा दाखवावा आणि ती रेषा समजावून सांगावी.

असा एक तर आपल्याच देशातून सापडलाय. टीओआय-४६०३ बी. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने अबूच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटर दुर्बिणीवर, 'पारस' वर्णपटमापकाने (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणारं उपकरण) त्याचं वस्तुमान मोजलं, २०२३ मध्ये जाहीर केलं. गुरूच्या १२.९ पट जड, व्यास १.०४ पट. सव्वासात दिवसांत एक फेरी. घनता साधारण १४ ग्रॅम प्रति घन सेंमी, शिशापेक्षा जास्त.

पूर्णाकाठ

वा, हे मांडणीत घालायलाच हवं! हिशोब केला. ४५ मिमीचा गुरू त्याच्या खऱ्या घनतेने (१.३३) ५९ ग्रॅम भरेल. टीओआय-४६०३ बी ४७ मिमीचा, म्हणजे हातात धरल्यावर फरकही कळणार नाही, आणि वजन साधारण ७६० ग्रॅम. पाऊण किलो!

तेवढा जड गोळा करायच्या भानगडीत पडू नका. ४७ मिमीचा साचा भरून शिसं ओतलं तरी ६०० ग्रॅमच्या आसपासच थांबतं. शिशाचे छर्रे भरले तर मधल्या पोकळ्यांमुळे ४०० ग्रॅमही होत नाही. आणि शाळेत शिसं वितळवणं तसंही नको, धूर विषारी असतो.

त्याऐवजी तराजू. एका पारड्यात एकच लिंबू, "टीओआय-४६०३ बी" अशी चिठ्ठी लावून. दुसऱ्या पारड्यात तेवढीच १३ लिंबं, "१३ गुरू". एका लिंबाचं पारडं खालून दोऱ्याने स्टँडला बांधून तराजू समतोल दाखवा. दोरा लपवू नका, फलकावर सांगा की खरा ग्रह असता तर दोरा लागला नसता.

हॅट-पी-६७ बी साठी आपल्या भागात सोन्यासारखा माल आहे. सरकी काढलेला कापूस. ९४ मिमी व्यासाचा गोळा, म्हणजे मोठ्या डाळिंबाएवढा, २५ ग्रॅम कापसात सैलसर दाबून करा. घनता ०.०६ च्या जवळ येते, ग्रहाचीही त्याच घरातली आहे. व्यास पातळ तारेच्या कड्याने तपासा, नाहीतर दाबून दाबून तो मोसंबीएवढा होतो. शेजारी लिंबू ठेवा. मोठा कोण, ते पोरांनी हातात घेऊन ठरवावं.

उरली पृथ्वी. शाळूचा दाणा आकाराला बरोबर, वजनाला फार हलका. तिला ०.१८५ ग्रॅम हवेत. सायकलचा ४ मिमी छर्रा पाव ग्रॅम भरतो, तो थोडा जड. वजनाच्या टेबलावर छर्रा आणि रस्त्यावर दाणा, असं करा.

थेट_हिंगोली

अवांतर विचारतो. औंढा नागनाथला लायगो होतेय. तिथून असे मोठे ग्रह सापडतील का? आमच्याकडं लोक "मोठी दुर्बीण येऊ लागली" असंच म्हणतात.

बालाघाटी

नाही हो. ती प्रकाशाची दुर्बीण नव्हे, गुरुत्वीय लहरींचा मापक आहे. कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळताना सेकंदाला दहाबारा ते काही हजार कंपनं होतात, ती तिथे टिपायची. गुरू सूर्याभोवती फिरतानाही गुरुत्वीय लहरी सोडतो, पण एका फेरीला ११.८६ वर्षं, म्हणजे बारा वर्षांत दोन कंपनं. आणि सगळी मिळून ताकद ५.२ किलोवॉट. विहिरीवरच्या सात एचपीच्या मोटारीएवढी! एवढ्या मोठ्या जोडीची एवढीच. तिथून ग्रह मिळणार नाहीत.

ग्रह सापडतात ते मुख्यतः दोन वाटांनी. एक, ताऱ्याचं डुलणं. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने इकडेतिकडे हलवतो, त्या दोघांचा समान गुरुत्वमध्य तर सूर्याच्या पृष्ठभागाच्याही थोडा बाहेर पडतो. १९९५ मध्ये मेयर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी बी असाच शोधला. डुलण्यावरून वस्तुमान कळतं, तेही "किमान". कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे ते माहीत नसेल तर खरं वस्तुमान जास्त असू शकतं. दोन, अधिक्रमण. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश कमी होतो, त्यावरून व्यास कळतो. परक्या माणसाने गुरूला सूर्यासमोरून जाताना पाहिलं तर सूर्य १.०६ टक्के मंद दिसेल, पृथ्वीने जेमतेम ०.००८ टक्के.

दोन्ही वाटा ताऱ्याजवळच्या धिप्पाड ग्रहांना झुकतं माप देतात. म्हणून याद्या फुगलेल्या ग्रहांनी भरल्यात. विश्वात तसेच ग्रह जास्त आहेत असा अर्थ काढू नका.

सिंदफणा

अधिक्रमण आपल्याकडूनही मोजता येतं. ८ इंची दुर्बीण, मागोवा घेणारी बैठक (ताऱ्याबरोबर फिरणारा स्टँड) आणि कृष्णधवल सीमॉस कॅमेरा एवढं लागतं. मराठवाड्यात दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी चांगली.

कोणता तारा घ्यायचा? बरेच जण एचडी १८९७३३ कडे धावतात, कारण तो ७.७ प्रतीचा ठळक (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा ठळक). तीच अडचण आहे. लहान चौकटीत तेवढ्याच ठळकपणाचा तुलनेचा तारा मिळत नाही आणि आलेख डगमगतो. सुरुवातीला हॅट-पी-३२ घ्या. देवयानी तारकासमूहात, ११.३ प्रत, आजूबाजूला तुलनेचे तारे मिळतात. आपल्या अक्षांशावर मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ६३ अंश उंच येतो. ग्रह २.१५ दिवसांत एक फेरी करतो, अधिक्रमण ३ तास ६ मिनिटांचं, प्रकाश सव्वादोन टक्क्यांच्या आसपास उतरतो.

क्रम असा. अधिक्रमणाच्या किमान पाऊण तास आधी सुरू करा आणि नंतर पाऊण तास चालू ठेवा. दोन्हीकडचा सपाट भाग नसेल तर उतार किती तेच कळत नाही. ६० सेकंदांची छायाचित्रं. फोकस थोडा सैल, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलवर पसरतो. सर्वांत उजळ पिक्सेल कमाल मर्यादेच्या दोनतृतीयांशाखाली ठेवा. तुलनेला चार-पाच तारे, प्रत आणि रंग जवळचे. संध्याकाळच्या उजेडात २५-३० सपाट-चौकटी (एकसारख्या उजळ आकाशाची छायाचित्रं). काळ्या चौकटी (झाकण लावून घेतलेली छायाचित्रं) सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा, कारण कॅमेऱ्याला शीतक नसेल तर रात्रीत तापमान दहाबारा अंश उतरतं आणि एका वेळच्या चौकटी दुसऱ्या वेळी लागू पडत नाहीत.

बिघडतं कुठे ते सांगतो. लॅपटॉपचं घड्याळ. अधिक्रमणाचं भाकीत जागतिक वेळेत असतं, आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्रीनंतर तारीख हमखास चुकते. दुसरं, वीज. रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो आणि बैठक झटका खाते. १२ व्होल्टची बॅटरीच वापरा. तिसरं, मध्यमंडल ओलांडताना जर्मन पद्धतीची बैठक उलटते, तारे कॅमेऱ्यात दुसऱ्याच पिक्सेलवर जातात आणि आलेखात पायरी पडते. ती पायरी अधिक्रमणाच्या मधोमध येणार असेल तर ती रात्र सोडा. चौथं, सिमेंटचा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडत राहतो. दुर्बीण मातीवर, पत्र्याच्या शेडपासून लांब.

मग हिशोब. समजा उतार २.२ टक्के आला. ०.०२२ चं वर्गमूळ ०.१४८. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.२२ पट, गुणाकार ०.१८१. सूर्याची त्रिज्या गुरूच्या ९.७३ पट, म्हणून ग्रह गुरूच्या १.७६ पट. उताराच्या मापात १० टक्के चूक झाली तर व्यासात ५ टक्केच. पण ताऱ्याची त्रिज्या चुकली तर चूक तशीच्या तशी उतरते. ग्रहांचे व्यास वरचेवर बदललेले दिसतात ते बहुतेक वेळा ग्रहामुळे नाही, ताऱ्याचं अंतर नव्याने मोजल्यामुळे.

या ताऱ्याला २.९ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एक अंधुक तांबडा सोबती आहे. तो मोजणीच्या वर्तुळातच येईल, येऊ द्या. दृश्य प्रकाशात त्याचा वाटा नगण्य.

शाळू_मालदांडी

८ इंची आमच्याकडं नाही सर. शाळेत ३ इंची आहे, बैठक साधी. तिच्यावर काय होईल?

सिंदफणा

तिच्यावर गुरूचं वजन करा! कॅलिस्टो हा चंद्र चालेल. त्याची फेरी १६.६९ दिवसांची, त्यामुळे रोज एकाच वेळी पाहिलं तरी चुकत नाही. आयो १.७७ दिवसांतच फिरतो, रोज एकदा बघून त्याचा ताळमेळ लागत नाही.

रोज ठरल्या वेळी गुरूपासून कॅलिस्टो किती "गुरू-व्यास" लांब दिसतो ते कागदावर काढा. नेत्रिकेत किमान २० कलांचं (कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग) क्षेत्र हवं, कारण प्रतियुतीच्या सुमारास (गुरू सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना) तो एका बाजूला साधारण १० कला जातो. तीन आठवड्यांत नोंदी लहरीसारख्या दिसतील. लहरीची उंची १३.२ व्यास यायला हवी. एका गुरू-व्यासाचे १,४२,९८४ किमी धरा, म्हणजे कक्षेची त्रिज्या १८.८ लाख किमी, पृथ्वी-सूर्य अंतरात ०.०१२५९. काळ वर्षांत ०.०४५७. केप्लरच्या नियमाप्रमाणे त्रिज्येचा घन भागिले काळाचा वर्ग: सूर्याचा १०४७ वा भाग. सूर्य ३,३३,००० पृथ्व्यांचा, म्हणून गुरू ३१८.

अंतरात ५ टक्के चूक झाली तर वजनात १५ टक्के होते, कारण घन आहे. २७० आणि ३६५ च्या मध्ये काही आलं तरी पोरांची पाठ थोपटा. जास्त चूक होते ती गुरूची तबकडी अंदाजाने मोठी काढल्यामुळे. ठळक वस्तू डोळ्याला असते त्यापेक्षा मोठी भासते. संधिप्रकाशात बघितलं की हे कमी होतं.

मूळ_नक्षत्र

लिंबावर माझी हरकत राहिली. लिंबू दोन टोकांना लांबट असतं. गुरू नेमका उलटा, ध्रुवांकडे चपटा, कारण दहा तासांच्या आत गरगर फिरतो. पूर्णाकाठांच्या प्रमाणात विषुववृत्ताला ४५ आणि ध्रुवांकडे ४२ मिमी हवा. शनी तर ३८ आणि ३४.

पूर्णाकाठ

मान्य. रस्त्यावरच्या मांडणीत देशी गोल टोमॅटो घ्या, देठाकडून चपटाच असतो. देठ म्हणजे ध्रुव. शनीलाही बारका टोमॅटोच. तराजूवर मात्र लिंबंच राहू द्या, १३ टोमॅटो पारड्यात फुटतात.

शाळू_मालदांडी

फलकाचा मजकूर असा केलाय, बघा:

"सूर्यमालेत: व्यासाने आणि वस्तुमानाने सर्वांत मोठा गुरू. बाकी सात ग्रहांच्या एकत्रित वस्तुमानाच्या अडीच पट. सूर्यमालेबाहेर: व्यासाने गुरूच्या दुप्पट ग्रह माहीत आहेत, उदा. हॅट-पी-६७ बी (कापूस). वस्तुमानाने गुरूच्या सुमारे १३ पटीपर्यंत ग्रह मानतात, उदा. टीओआय-४६०३ बी (तराजू)."

बालाघाटी

चांगलं आहे. "दुप्पट" च्या आधी "सुमारे" घाला आणि खाली तारीख टाका, आकडे बदलत राहतात.

पूर्णाकाठ

टोमॅटो आणि लिंबं व्हर्नियरने प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच मोजा. उन्हात ठेवलेलं लिंबू आक्रसतं, आणि १३ लिंबं एकसारख्या वजनाची निवडायची तर बाजारातून दोन किलो तरी आणावी लागतील.